तीनशे बारावी पट्टी

१

टिंब म्हणजे मी नव्हे. हे मी तीनशे माणसांना सांगितलं. लिहून सांगितलं, फोनवर सांगितलं, शेवटी घसा ताणून सांगितलं. तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नाही. माझी सख्खी भाची, जिला मी अंगाखांद्यावर खेळवली, तिनेसुद्धा नाही. म्हणून आता पहिल्यापासून लिहून काढते. मी चौथी शिकलेली बाई आहे. वेलांटी चुकली तर चुकली, पण नसलेलं लिहायची मला सवय नाही.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर. एक खोली, रस्त्यावर उघडणारं एक दार. आत दोन मशिनी. धाकटी मोटारीवर चालते, पोट तिच्यावर. थोरली हातचाकाची, काळी, लाकडी पाटावर बसवलेली, आईकडून आलेली. तिचे कापड सरकवणारे दाते एका बाजूने झिजलेत. हात लावून धरलं नाही तर कापड डावीकडे वळत जातं, म्हणून गिऱ्हाइकाचं काम मी तिच्यावर करत नाही. ती भिंतीशी टेबलावर असते, अंगावर फुलाफुलांचं कव्हर. तिच्या पाटाची कड कव्हराबाहेर राहते, त्या कडेवर मी माझा फोन टेकवून उभा करते. धाकटीवर बसलं की फोन बरोबर डोळ्यांसमोर येतो. चार वर्षं त्याची जागा तीच.

त्या फोनवर आमचा फोरम चालतो. जुन्या हातमशिनींचा नाद असलेल्या माणसांचा. मास्तरांनी काढला. ते शिवणकाम शिकवायचे, आता घरी बसून असतात. संगणकाची बाजू भाची बघते. दार मी सांभाळते. दार म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं. मला सगळे कात्रीबाई म्हणतात ते काही शिवते म्हणून नाही.

दार का सांभाळावं लागतं ते सांगते. सुरुवातीला कुणीही यायचं. आमचे निम्मे लोक म्हातारे, एकटे राहणारे, बोलायला माणूस मिळालं की घरातलं सगळं सांगून बसणारे. एका मेल्याने मशीनप्रेमी म्हणून शिरून एका आजींना गोड बोलून विचारून घेतलं की घरात आणखी कोण असतं, दाराला कडी कोणती आहे. आजींनी सांगितलं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. आजी मशिनीला परत हात लावत नाहीत, एवढं पुरे.

तेव्हा मी नियम केला. नाव विचारायचं नाही, नाव कुणीही काहीही सांगतो. वीतभर कापड घ्या, तुमच्या मशिनीवर त्यावर एक ओळ शिवा, आणि ती पट्टी मला पोस्टाने पाठवा. हातचाकाची शिवण मला लगेच कळते. चाक हाताने फिरतं तेव्हा टाका श्वासासारखा पडतो, थोडा लांब, थोडा आखूड. लबाड माणूस एवढे कष्ट घेत नाही. आधीच आत आलेल्यांनाही मी पट्टी पाठवायला लावली. पट्टी आली की मी ती वहीत टाचते, खाली नाव लिहिते, फोनवरचं हिरवं बटण दाबते. माणूस आत. नियम केल्यापासून एकही भामटा शिरला नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

२

आमची दुसरी रीत म्हणजे हजेरी. रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने आपलं मशीन रिकामं फिरवायचं आणि त्याचा दहा सेकंदांचा आवाज फोरमवर टाकायचा. बोलायचं काही नाही. फक्त खटखटखट. मी सकाळची हातशिलाई करता करता सगळ्यांची हजेरी, येईल तशी, एकामागून एक लावून ऐकते. बाहेरच्या माणसाला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. पण ज्यांच्या घरी दिवसभरात दारावरची बेल वाजत नाही, त्यांना आपला आवाज कुणीतरी ऐकतंय हे फार असतं. फोरम त्याच्यावर उभा आहे.

गेल्या वर्षी त्या हजेरीखाली कुणीतरी लिहायला लागलं. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. लोकांनी त्याचं नाव टिंब पाडलं.

टिंबाचं लिहिणं तोकडं. एका बाईच्या हजेरीखाली लिहिलं, "मशिनीमागची खिडकी लावा, धाग्याला ओल लागते आहे." बाईने बघितलं तर खिडकीच्या फटीतून पाणी झिरपत होतं, धाग्याची रिळं ओलसर झालेली. एकाला लिहिलं, "उजवं मनगट दुखतंय, चार दिवस फिरवू नका." तो डॉक्टरकडे गेला, डॉक्टरनेही तेच सांगितलं. एकीला लिहिलं, "टेबलाचा पाय आखूड आहे, घडी घाला." तिने पुठ्ठ्याची घडी घातली आणि वीस वर्षांची खडखड गेली.

लोक वेडे झाले. मी वही उघडली. टिंब नावाची पट्टी नाही. ठिपक्याची खूण असलेली पट्टी नाही. पट्टीशिवाय माणूस आत, माझ्या दारातून, आणि हा माणूस घरांच्या खिडक्या मोजतोय. मला त्या आजी आठवल्या.

मी लाल बटण दाबून टिंबाला बाहेर काढलं. तासाभरात मास्तरांचा फोन.

"कात्रीबाई, स्वतःलाच काय हाकलताय?"

"स्वतःला म्हणजे?"

"अहो, कळतं आम्हाला. पट्टीशिवाय तुमच्या दारातून दुसरं कोण आत येणार? आपल्या नावाने तुम्ही सगळ्यांना झोडपता आणि टिंब होऊन लाड करता. मला तर बुवा आवडलं. परत घेतलंय मी त्याला."

"मास्तर, मी नाही ते."

"बरं, नाही," मास्तर म्हणाले आणि हसले. लहान मूल 'लाडू मी नाही खाल्ला' म्हणतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसे.

३

मग बोबिनकाकांचं झालं.

बोबिनकाका एकटे राहतात. मशिनीत खालचा धागा गुंडाळायच्या जुन्या बोबिनी जमवतात म्हणून ते नाव. रोज सगळ्यांत पहिली हजेरी त्यांची, आठाच्या ठोक्याला. त्यांच्या चाकाला एक बारीक शीळ आहे, मला ती पाठ. त्या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, रोज शीळ आली. मी ऐकली. माझ्या या कानांनी.

गुरुवारी साडेआठ वाजता टिंबाने लिहिलं, "हा आवाज सोमवारचाच आहे. काका मशिनीवर बसलेले नाहीत. कुणीतरी जा."

मी चिडलेच. म्हटलं, झाली याची सुरुवात. पण हात थांबेना. सोमवारची हजेरी लावली, मग गुरुवारची. सातव्या सेकंदाला मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज. दोन्हींत. त्याच जागी.

काकांच्या जवळ राहणारा आमचा एक सभासद होता, सायकलवाला. त्याला मी फोन केला. काका बिछान्यात सापडले. पाय सुजून खांबासारखा झालेला, अंगात ताप, दोन दिवस पोटात अन्न नाही. जुनाच आवाज ते रोज पाठवत होते, कुणाला काळजी नको म्हणून.

दवाखान्यातून त्यांनी मला फोन केला. आवाज पार खोल गेलेला.

"कात्रीबाई, तुम्ही ओळखलंत."

"मी नाही ओळखलं, काका. तेच तर सांगते. मी चार दिवस ऐकलं आणि मला काही कळलं नाही."

"असू दे. तुमचा स्वभावच असा. कुणी चांगलं म्हटलं की अंगावर येता."

मी फोन ठेवला आणि एका झग्याची सगळी शिवण उसवून टाकली, जी उसवायची नव्हती. चार वर्षं मी दार सांभाळते म्हणून मिरवते आणि एक माणूस आत मरायला टेकला तरी मला पत्ता नाही. आणि ज्याला पत्ता लागला, तो कोण, ते मला ठाऊक नाही. भीती वाटत होतीच. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. देवळात चुकून बूट घालून शिरल्यावर वाटतं तसं काहीतरी.

४

गुंडीचं प्रकरण झालं नसतं तर मी गप्प बसले असते.

गुंडी आमची जुनी सभासद, जिभेची तिखट, माझ्या तोडीची. तिने तक्रार टाकली की चाक मधेच अडकतं, तेल घातलं, साफ केलं, उपयोग नाही. टिंबाने सगळ्यांसमोर लिहिलं, "मशीन अडकत नाही. तुम्ही रडता तेव्हा हात थांबतो. तेल नको."

मग गुंडीचा मला फोन.

"कात्रे, माझ्या घरातलं तू चव्हाट्यावर मांडलंस."

"मी नाही मांडलं."

"मग कुणी? मी माझ्या बहिणीला सांगितलं नाही. उशीला सांगितलं नाही. तुला कसं कळलं?"

"गुंडे, मला कळलंच नाही. मला एवढं कळत असतं तर..."

"माझ्याबरोबर चाळीस जणी बाहेर पडतायत," ती म्हणाली. "आमचे पत्ते तुझ्या वहीत आहेत. ती वही तुझ्याकडे राहायला नको."

हे मात्र मला लागलं. कारण तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

संध्याकाळी मास्तरांचा फोन. या वेळी हसू नव्हतं. "रविवारी अकरा वाजता सगळ्यांना व्हिडिओवर बोलावतोय. मशिनींसकट. त्याआधी तुम्ही एक तर कबूल करा आणि गुंडीची माफी मागा, नाही तर टिंब कोण ते दाखवा. दोन्ही नाही जमलं, तर वही सायकलवाल्याकडे द्या."

भाची दुकानात आली. स्टुलावर बसून तिचा छोटा संगणक मांडीवर घेतला. "मावशी, सभासद तीनशे बारा. तुझ्या पट्ट्या किती?"

दोघींनी मोजल्या. तीनशे अकरा. परत मोजल्या. तीनशे अकरा.

"टिंबाचं खातं तू पट्टीचा नियम केलास त्याच दिवशी उघडलंय," ती म्हणाली. "तुझ्या या फोनवरून."

आणि मला आठवलं. लोकांना पट्टी कशी हवी ते दाखवायला मी त्या दिवशी एक नमुना शिवला होता, खाकी तुकड्यावर, थोरलीवर. एका हाताने चाक फिरवत होते, दुसऱ्या हातात फोन धरून त्याचा व्हिडिओ घेत होते. कापडाला हात नव्हता. ते आपलं आपण चालत गेलं, डावीकडे वळत. मग हिरवं बटण चालतं का बघावं म्हणून त्याच नमुन्यावर दाबलं. नावाची चौकट रिकामी सोडू देईना, तेव्हा ठिपका टाकला. पुढे विसरून गेले. पट्टी चिंध्यांत गेली असेल.

"म्हणजे रिकामं खातं," भाची म्हणाली. "कुणीतरी त्यात घुसलंय. पासवर्ड बदल."

मी बदलला. तिलाही सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला टिंबाने तीन जणांना उत्तरं दिली होती. भाचीने शोधलं, कुठून लिहिलं ते. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या दुकानातून, मावशी."

"दार मी उघडते, मी लावते. दुसरं कुणी नसतं इथे."

"तेच म्हणतेय मी," ती हळू बोलली. "आज तुझा फोन माझ्याकडे राहू दे. बघू."

फोन तिच्याकडे राहिला. त्या दिवशी टिंब गप्प. दुसऱ्या सकाळी फोन परत आला, मी तो त्याच्या जागी टेकवला, हजेरी ऐकली, आणि टिंब बोलू लागलं.

भाचीने मला पाणी दिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. "मावशी, तू फार दमतेस. माणसाला कधी कधी आपण काय केलं ते आठवत नाही."

मी तिला हाकलून दिलं. पण खरं सांगते, ती गेल्यावर मी माझे हात बघत बसले. सुईची भोकं, कात्रीचा घट्टा. वाटलं, हेच लिहीत असतील का माझ्या नकळत? मग वाटलं, नाही. यांना बोबिनकाकांचं कळलं नव्हतं. यांना गुंडीचं रडणं ऐकू आलं नव्हतं. एवढं ऐकणारे हात माझे नाहीत.

५

रविवार, अकरा. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन, समोर कुणीतरी गाडी धूत होतं. फोन त्याच्या जागी, मी धाकटीवर. धाकटीची वायर काढून ठेवली. ज्यांना जमलं ते आले. फोनवर त्रेचाळीस चौकटी, प्रत्येकीत एक मशीन आणि एक तोंड. एका चौकटीत भाची, तिच्या घरून. बोबिनकाका पाय स्टुलावर ठेवून. गुंडी ओठ आवळून.

"कात्रीबाई," मास्तर म्हणाले, "हात वर. दिसू देत."

मी दोन्ही हात चोर पकडल्यासारखे वर केले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आधी सगळ्यांची हजेरी होऊ दे," मास्तर म्हणाले. "मी रुमाल खाली केला की थांबायचं. मग बोलू."

सगळ्यांनी चाकं फिरवली.

चार वर्षं मी हे आवाज एकेक ऐकले होते. एकत्र कधी नाही. माझं एवढंसं दुकान, तीन बाजूंना टांगलेले लोकांचे कपडे, आणि त्यात ते त्रेचाळीस आवाज. पहिल्यांदा नुसता गलका. मग हळूहळू ते एकमेकांत बसत गेले. काकांची शीळ, मास्तरांचा जड ठोका, गुंडीचा अडखळणारा. टांगलेल्या कोटांच्या बाह्या हलल्यासारख्या वाटल्या.

मास्तरांनी रुमाल खाली केला. सगळे थांबले.

एक मशीन थांबलं नाही.

लोक एकमेकांच्या चौकटीत बघू लागले. सगळ्यांचे हात मांडीवर. आवाज चालूच. सावकाश, सारखा, आणि दर नवव्या टाक्याला एक पोकळ खट. झिजलेला दाता निसटावा तसा.

"कुणाचं चालू आहे?" मास्तर म्हणाले. "आवाज बंद करा सगळ्यांनी आपापले."

एकेक करून सगळ्यांनी बंद केले. आवाज चालूच.

"मावशी," भाचीचा आवाज आला. "तुझा सोडून सगळ्यांचे बंद आहेत."

माझे हात वरच होते. सगळे बघत होते.

"मावशी, तुझा फोन का हलतोय?"

मी फोनकडे बघितलं नाही. त्याच्या मागे बघितलं. फुलांचं कव्हर. उजवीकडे, जिथे खाली चाक आहे, तिथली फुलं वर येत होती आणि खाली जात होती. पांघरुणाखाली झोपलेल्या पोराचं पोट हलतं तशी. आणि कव्हराच्या कडेखालून, फोनाशेजारून, एक खाकी कापडाची पट्टी बाहेर येत होती. एकेक टाका. मध्ये एकसारखी ओळ. आणि ती पट्टी डावीकडे वळत येत होती. धरणारं कुणी नव्हतं ना.

मी उठले नाही. घाबरून नाही. उठून कव्हर काढावंसं वाटलंच नाही. आंघोळीला बसलेल्या माणसाच्या अंगावरचा टॉवेल कुणी ओढतं का?

आवाज थांबला. रस्त्यावरच्या पाण्याच्या नळीचा आवाज परत ऐकू यायला लागला.

मग फोनवर, सगळ्यांच्या फोनवर, टिंबाचे दोन शब्द आले.

"अजून एकदा."

माझे हात वर होते. त्रेचाळीस जणांनी बघितलं.

पहिल्यांदा बोबिनकाकांनी चाकावर हात ठेवला. मग सायकलवाल्याने. मग गुंडीने. ती रडत होती आणि लपवत नव्हती, आणि तिचा हात थांबला नाही. आवाज सुरू करा असं कुणी सांगितलं नाही, तरी एकेकाचा सुरू झाला. खोली परत भरली. माझ्या समोर फुलं वरखाली व्हायला लागली, सगळ्यांच्या बरोबर, एका तालात. मी डोळे मिटले. आई शिवत असायची आणि मी खाली चिंध्यांत झोपलेली असायचे, ते डोळ्यांपुढे आलं; त्यापुढचं मला आठवत नाही.

६

दुपारी मास्तरांचा फोन आला. मी फोन जागेवरच ठेवून स्पीकर लावला.

"कात्रीबाई, माझं चुकलं. मी ऐकलं नाही तुमचं."

"सगळ्यांचंच चुकलं. असू दे."

"काय होतं ते?"

"मला विचारू नका. मी कव्हर काढलेलं नाही."

"काढणार?"

"धूळ झटकायला काढतेच की दर महिन्याला. तेव्हा काढीन." मग मी म्हटलं, "मास्तर, आपण दारात माणूस कुठे बघत होतो? पट्टी बघत होतो. मशिनीने शिवली आहे का, एवढंच. समोर कुणी बसलं होतं का, ते मी कधी विचारलंच नाही. नियम माझाच."

मास्तर म्हणाले, "बाहेर काढायचं का मग?"

मी फोनच्या जागेकडे बघितलं. तो तिथून उचलून कपाटात ठेवला की झालं. एवढं सोपं होतं. तितक्यात स्क्रीनवर गुंडीचा निरोप आला. तिने सगळ्यांसाठी लिहिलं होतं, "उद्या माझी हजेरी आहे. कुणी बाहेर पडत नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "फोनची जागा बदलत नाही मी."

"वही?"

"माझ्याकडेच."

"तुमच्याकडेच. पण नियमाप्रमाणे नोंद हवी. लोक विचारणार, पट्टीशिवाय कोण शिरलं, गुंडीच्या घरातलं कोण बोललं, दोष कुणाचा. काहीतरी लिहायला लागेल."

पट्टी मी सकाळीच उचलली होती. अजून टेबलावर पडली होती, डावीकडे वळलेली, गरम इस्त्रीखालून काढल्यासारखी ऊबदार. मी वही उघडली, शेवटच्या पानावर ती टाचली. तीनशे बारा. आता हिशेब जुळला. खाली नावाची जागा रिकामी होती.

"सांगा," मास्तर म्हणाले. "मी इकडे लिहून घेतो. कुणाचं नाव?"

मी पेन्सिलीचं टोक ओलं केलं आणि लिहिता लिहिता त्यांना सांगितलं.

"थोरली."